सिस्टरला धीर कोण देणार?

बाळंतीण सुखरूप सुटली की पेढे डॉक्टरांना आणि काही बिघडले की शिव्या सिस्टरला! तिसगावच्या पेठेत उभे राहून कुणालाही विचारा, हा न्याय कुणी नाकारणार नाही. वाचकहो, कांदा, दूध, पाऊसपाणी हे या पानाचे नेहमीचे विषय. ते आज बाजूला ठेवून आम्ही वेगळ्या गोष्टीबद्दल लिहीत आहोत. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात रात्री-बेरात्री आपल्या लेकीसुनांची बाळंतपणे करणाऱ्या सिस्टर, नर्सबाई, आरोग्यसेविका यांच्या मनावरच्या ताणाबद्दल. 'कसला आलाय ताण? सरकारी पगार घेतात की!' असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. पण पुढचे वाचून मग म्हणा.

सरकारी हिशेबाने सपाटीवर पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि तीस हजाराला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेकडे काय नाही? लसीकरण, गरोदर बायांच्या तपासण्या, कुटुंब नियोजन, साथीचे रोग, वस्त्या-वाड्यांवरच्या भेटी, आणि हे सगळे केल्याचे रजिस्टर. रजिस्टर झाले की तेच पुन्हा संगणकात, मोबाईलवर भरा. होळीपासून पाडव्यापर्यंत शेजारी मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, तेव्हा आरोग्य खात्याची पथके लागतात ती वेगळी. एवढ्या सगळ्यात बाळंतपण हे फक्त एक काम. पण बाकीचे काम उद्यावर टाकता येते, हे टाकता येत नाही.

आता रात्रीचे दोन वाजले आहेत असे समजा. कळा घेऊन आलेली बाई टेबलावर आहे. बाहेर सासू, नवरा, दीर, आणि गाडी घेऊन आलेले दोन शेजारी. आत सिस्टर आणि नशिबाने असली तर एखादी मदतनीस. बाळ बाहेर आले आणि रडले नाही, तर त्याला श्वास द्यायला सिस्टरच्या हातात पहिले एक मिनिट असते. त्याच वेळी आईला वार पडायच्या आधी इंजेक्शन द्यायचे असते, नाळ बघायची असते, अंगावरून किती जाते आहे यावर डोळा ठेवायचा असतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हा बायकांच्या जिवावर उठणारा सगळ्यांत मोठा शत्रू. सुदृढ बाईसुद्धा त्यात दोन तासांत हातची जाऊ शकते. एकीकडे बाळ, एकीकडे आई, आणि हात दोनच. वार अडकली तर? ज्या बाईने हे एकदा तरी एकटीने निभावले आहे, तिला धीर म्हणजे काय हे व्याख्यान देऊन शिकवायची गरज नाही.

पुढे पाठवायचे ठरले तर त्यातही एक पेच आहे, तो तिसगावकरांना चांगला कळेल. तिसगाव नगर-पाथर्डी रस्त्यावर मध्ये बसलेले. एका हाताला पाथर्डीचे उपजिल्हा रुग्णालय, दुसऱ्या हाताला करंजी घाट ओलांडून नगरचे जिल्हा रुग्णालय. पाथर्डी जवळ म्हणून तिकडे पाठवले आणि तिथून नगरला न्यायची वेळ आली, तर गाडी पुन्हा तिसगाववरूनच जाणार! म्हणजे गेलेला वेळ दुप्पट. आणि पहिल्यांदाच नगरला धाडले आणि बाई घाटात बाळंत झाली, तर 'जवळचं पाथर्डी सोडून इतक्या लांब का पाठवलं' हा सवाल तयार. हा रस्ता वर्षानुवर्षे कसा होता ते आम्ही सांगायला नको. २०२२ च्या डिसेंबरात त्यासाठी लोकप्रतिनिधीला नगरमध्ये उपोषणाला बसावे लागले होते. तर असा हा निर्णय, एक नर्सबाई रात्री दोन वाजता, बाहेरच्या पाच माणसांच्या डोळ्यांत बघत, मिनिटा-दोन मिनिटांत घेते. लवकर पाठवले तर 'हात लावायला नको, कामचुकार!' उशिरा पाठवले तर 'हिनंच मारलं!' धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्यात आपला तालुका ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीनंतर कोयते बाहेर पडतात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गरोदर बाई चौथ्या महिन्यात नवऱ्याबरोबर फडावर गेली की तिचे पुढचे महिने पाचटात आणि कोप्यावर जातात. तिची नोंद इथल्या रजिस्टरात, पण बाई तिथे. रक्ताच्या गोळ्या पोटात गेल्या की नाही, रक्तदाब कुणी पाहिला की नाही, काही ठाव नाही. ती आठव्या-नवव्या महिन्यात परत येते, अंगात रक्त नाही, पायावर सूज, आणि एका रात्री थेट टेबलावर. जी जोखीम सहा महिने कुणीच पाहिली नाही, ती आता एका बाईच्या ओंजळीत. मुकादमाला कुणी जाब विचारत नाही, कारखान्याला विचारत नाही. विचारतात ते नर्सबाईला, 'तुमच्याकडे नाव होतं ना हिचं?'

जुना काळ बरा होता, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सुइणीच्या हातून घरोघर बाळंतपणे व्हायची तेव्हा किती बाया गेल्या याची मोजदाद नाही, आणि गेलेल्या बाईचे 'सटवाईनं लिहिलं होतं' म्हणून सगळेच मोकळे व्हायचे. आकडे बोलके आहेत. २००१-०३ च्या सुमारास महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० च्या पाहणीत हा आकडा ३३ वर आला. देशाचा आकडा त्याच काळात ३०१ वरून ९७ वर. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात शंभरातली सुमारे पंचाण्णव बाळंतपणे दवाखान्यात होतात. यातली फार मोठी कमाई या सिस्टर लोकांची, आशाताईंची आणि १०८ च्या गाडीवाल्यांची आहे. पण या कमाईची दुसरी बाजू कुणी बघितली नाही. पूर्वी बाळंतपणाचा भार घरातल्या चार बायांवर असे. सासू, आत्या, शेजारीण, सुईण. वाईट झाले तर चौघी मिळून रडत. तो सगळा भार आता एका खोलीत, एका बाईवर आला. आणि मरण दुर्मीळ झाले म्हणून ते सहन करायची लोकांची ताकदही कमी झाली. हे चांगलेच आहे, मरण सहन होऊच नये. पण त्याचा राग नेमका कुणावर निघतो?

२०२१ च्या नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी अकरा रुग्ण गेले, हे या जिल्ह्यातला माणूस विसरलेला नाही. नंतर ज्यांना अटक झाली त्यांत एक डॉक्टर आणि तीन परिचारिका होत्या. कोर्टात जे व्हायचे ते होईल, त्यावर आम्ही बोलणार नाही. पण त्या बातमीने जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या नर्सबाईंना काय वाटले असेल, याचा विचार करा. वायरिंग कुणाचे, यंत्रणा कुणाची, आणि बेडी कुणाच्या हातात?

बाळंतीण किंवा बाळ दगावले की घरच्यांचा घाव उघड दिसतो. पण टेबलापाशी उभ्या असलेल्या बाईलाही घाव बसतो. अमेरिकेतले डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० साली याला नाव दिले, 'दुसरा बळी'. पहिला बळी रुग्ण, दुसरा त्याच्यावर उपचार करणारा. इंग्लंडमध्ये सुइणींची एक पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. भीषण बाळंतपण पाहिलेल्या ज्या सुइणींनी तिला उत्तरे दिली, त्यांतल्या तिघींमागे एकीला लढाईवरून आलेल्या सैनिकाला होतो तसा मानसिक आघाताचा त्रास दिसला. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, झोप उडणे, छातीत धडधड. आपल्याकडच्या बाईला होत नसेल काय? तिचे हाडमांस वेगळे आहे काय? फरक एवढाच की आपल्याकडे तिला दुसऱ्या दिवशी सकाळी लसीकरणाला जायचे असते, आणि घरी पोरांचा डबा करायचा असतो.

आणि आता तुमच्या-आमच्या स्वार्थाचे बोलू. सिस्टरचा धीर सुटला तर नुकसान तिचे एकटीचे नाही, गावाचे आहे. घाबरलेली सिस्टर काय करते? ती जोखीम घेत नाही. साधी, सरळ होणारी बाळंतपणेसुद्धा पुढे धाडते. तिला दोष कसा देणार? एकदा तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. मग जी बाई तिसगावात तासाभरात मोकळी झाली असती तिला घाटातून नगरला नेले जाते. मोठ्या दवाखान्यात आधीच गर्दी. नाहीतर खासगीत जा आणि पोट फाडून घ्या, बिलासाठी शेरडं विका. चार-दोन वर्षांत गावात बोलबाला होतो की 'आपल्या दवाखान्यात बाळंतपणं होतच नाहीत.' मग खोली असते, टेबल असते, औषधे असतात, पण करणाऱ्या हातांतली हिंमत गेलेली असते. अनुभवी सिस्टर बदली मागून जाते. नवी येते ती कंत्राटावर, तिला नोकरीचीच धास्ती. इमारत बांधायला निधी मिळतो, पण हिंमत बांधायचा निधी कुठल्या हेडखाली टाकायचा हे कुठल्याच बाबूला माहीत नाही.

यावर खात्याचे उत्तर बहुतेक वेळा ठरलेले. एक दिवसाचे शिबिर! सभागृह, बॅनर, नारळ, 'तणावमुक्त जीवन' या विषयावर पाहुण्यांचे भाषण, श्वासाचे दोन व्यायाम, भोजन, समारोप. श्वासाच्या व्यायामाला आमचा विरोध नाही. त्याने धडधड थांबते, रात्री डोळा लागायला मदत होते, जरूर करावा. पण जी बाई एकटीच ओझे उचलते आहे तिला 'ओझे कसे उचलावे' हे सांगायचे, आणि दुसरा हात मात्र लावायचा नाही, याला काय म्हणावे? कणखरपणा ही काही एकट्या माणसाच्या अंगात भरायची गोळी नाही. तो संगतीत येतो.

हे आम्ही हवेत बोलत नाही. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला, हे होऊन गेले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० साली तिथे काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या, बहुतेक निरक्षर, त्यांतल्या कितीतरी दलित बायांना आरोग्य कार्यकर्त्या केले. त्या गरोदर बायांची तपासणी करू लागल्या, गावच्या सुइणीला बरोबर घेऊन सुरक्षित बाळंतपणे करू लागल्या. १९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे डॉक्टर बघायला आले. लोक औषधांचे आणि आकड्यांचे कौतुक करतात. आमचे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे आहे. या बाया दर आठवड्याला जामखेडला जमायच्या, रात्री मुक्काम करायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. आपल्या गावात काय घडले, कोणती बाई अडली, कुणी टोमणा मारला, कुठे आपल्याला जमले नाही, हे एकमेकींना सांगायच्या. एकीला जे जमले नाही ते दुसरीने कसे केले हे तिथेच कळायचे. ज्या बाईला गावात पाटलाच्या वाड्यासमोर मान वर करता येत नव्हती, ती चार वर्षांनी त्याच वाड्यातल्या सुनेचे बाळंतपण निभावू लागली. हा धीर कुठून आला? पुस्तकातून नव्हे. सहा दिवस एकटी असले तरी सातव्या दिवशी आपल्यासारख्या इतरजणी भेटणार आहेत, या भरवशातून आला.

मग आज काय अडते? आरोग्य केंद्रात महिन्याची बैठक होतेच. तिच्यात उद्दिष्ट, टक्केवारी, पोर्टलवर किती नोंदी राहिल्या, कुणाचे लसीकरण कमी, हेच चालते. त्यातला एक तास काढून ठेवा. दार लावा, मोबाईल बाहेर, कागद नाही, अहवाल नाही. या महिन्यात कोणते बाळंतपण अवघड गेले ते ज्या बाईने केले तिने सांगावे, बाकीच्यांनी ऐकावे. ऐकताना 'असं करायला हवं होतं' हे वाक्य शेवटी, सगळे सांगून झाल्यावर. चालवायला साहेब नको, एखादी जुनीजाणती सिस्टर असू द्या, जिने पाचशे बाळंतपणे केली आहेत. इंग्लंडात १९०२ च्या कायद्याने सुइणींवर देखरेख असे. २०१७ साली ती देखरेखीची पद्धत मोडून नवी व्यवस्था आणली. त्यात एका जाणत्या सुइणीचे कामच असे की इतरजणींना बसवून घ्यायचे आणि त्यांचे ऐकायचे. त्यांना जमते तर आपल्याला का नाही? आपल्याकडे तर पारावर बसून ऐकायची परंपरा आहे!

माता दगावली की चौकशी होते, आणि ती व्हायलाच हवी. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्ट म्हटले आहे की ही चौकशी कुणाला दोषी धरण्यासाठी नाही, पुढचा मृत्यू टाळण्यासाठी आहे. कागदावर छानच आहे. पण चौकशीचा पहिला सवाल 'ड्युटीवर कोण होतं?' हा असला तर पुढच्या वेळी खरे कोण सांगेल? 'गाडी यायला किती वेळ लागला, रक्त कुठे होतं, बाई फडावरून कधी आली' हे सवाल आधी यावेत. आणि चौकशीच्या आधी, त्याच दिवशी, वरिष्ठ बाईने त्या सिस्टरजवळ जाऊन बसावे. चहा पाजावा. दोन दिवस तिला बाळंतपणाच्या ड्युटीवरून सोडावे, पण शिक्षा म्हणून नव्हे, आणि तसे तिला तोंडाने सांगावे. याला कुठलाही निधी लागत नाही.

दुसरा हात मात्र लागतो, आणि त्याला पैसा लागतो. रात्री बाळंतपणाच्या खोलीत एकटी सिस्टर असता कामा नये. दोन प्रशिक्षित हात पाहिजेत, एक आईपाशी, एक बाळापाशी. ही मागणी जिल्हा परिषदेकडे आमच्या पुढाऱ्यांनी का मांडू नये? समाजमंदिराला आणि कमानीला निधी मागताना त्यांचा आवाज चांगलाच मोठा असतो.

गावाचेही काम आहे, ते सांगितल्याशिवाय आम्ही सोडणार नाही. बाळंतपणाला येताना दहा माणसे आणू नका. एक जाणती बाई आणि एक गाडीवाला पुरे. खोलीच्या दारावर धपाधपा मारू नका. सिस्टर 'पुढं न्या' म्हणाली तर तिथे वाद घालत वीस मिनिटे घालवू नका, ती वीस मिनिटे तुमच्याच सुनेच्या अंगातले रक्त आहे. हात उगारणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की २०१० च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे वैद्यकीय सेवकावर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. यात नर्सबाईही येतात. पण कायद्याच्या धाकाने धीर येत नाही, एवढे खरे. निवासात पाणी आहे का, दिवा आहे का, आवारात रात्री दारुडे बसतात का, एवढे जरी ग्रामपंचायतीने पाहिले तरी एकट्या बाईला रात्रीची झोप लागेल.

आणि सिस्टर, आरोग्यसेविका भगिनींनो, तुमच्यातल्या काही जणी हे पान वाचत असाल, म्हणून दोन शब्द तुमच्यासाठी. एखाद्या प्रसंगानंतर महिनाभर झोप नाही, कळा घेऊन बाई आली की पोटात गोळा येतो, पोरांवर विनाकारण हात उठतो, उगाच रडू येते, असे होत असेल तर 'मी कमकुवत आहे' असे समजू नका. ताप येतो तसे हेही येते, आणि उतरते. मैत्रिणीपाशी बोला. बोलायला कुणी नसेल तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. विदर्भ-मराठवाड्यात २०१५ साली सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात आशाताईंना घरोघर जाऊन शेतकऱ्याच्या मनातले विचारायला सांगितले गेले. चांगलेच झाले. पण दुसऱ्याच्या मनातले विचारत फिरणाऱ्या बाईला कुणी विचारायचे, हे त्या परिपत्रकात कुणी लिहिले होते काय?

५ मे हा जगभर सुइणींचा दिवस म्हणून पाळतात. त्याच्या चार दिवस आधी, १ मे ला, आपल्याकडे ग्रामसभा असते. तोवर फडावरची माणसेही गावात परतलेली असतात. आरोग्य केंद्रात रात्री दुसरा हात मिळावा, निवासाला पाणी-दिवा मिळावा, आणि गावातल्या तीन-चार जाणत्या बायांनी रात्री बोलावले तर येऊन बाहेरची गर्दी सांभाळावी, एवढे तीन ठराव तिथे घेता येतात. विषय विषयपत्रिकेवर यायचा तर अर्ज आधी ग्रामपंचायतीकडे द्यावा लागतो. तो साध्या कागदावर चालतो. पोहोच मात्र घ्या.